कूलर, सराटा आणि शेवटची लढाई

आमचा कूलर माणसाला चावायचा, म्हणजे हात लावला की करंट! राळेगावात त्याचं कुणाला नवल नव्हतं, बहुतेकांचे चावायचे. म्हणून बटण दाबायला शेजारी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वाळकी काडी उभी असे. (त्या वर्षांत कापसाला कुणी विचारत नव्हतं, पऱ्हाटीला मात्र घरोघरी मान!)

उन्हाळ्यात थोरल्या दिरांची पिंकी टीव्हीवरचा गेम घेऊन आली. त्यात राक्षस एकमेकांशी झुंजायचे. सुट्टीभर खपून ती शेवटच्या लढाईला पोचली होती. समोर अंगभर करंट असलेला राक्षस!

"मार ना एक लाथ!" तव्यावरची भाकरी सोडून मी ती उलटायचा सराटा हातात घेऊनच आले.

"काकू, लाथ मारली तर त्याचा करंट मलेच लागते! अंगाले अंग लागलं ना!"

"मग?"

"दुरून मारायचं. आग, दगड, पाणी."

मला भलतंच कुतूहल वाटलं. "आणि चावलं तर?"

"लागते."

"तुझ्या त्या राक्षसानं हातातल्या हाडानं हाणलं तर?"

"नाही लागत. हाड वेगळं, अंग वेगळं."

"आणि त्या वेलवाल्या राक्षसानं वेलीच्या चाबकानं?"

"लागते! वेल त्याच्या अंगातूनच निघते ना! आता खेळू दे, काकू!"

किती चोख कायदा! इतक्यात कूलरचा पंखा घुंऽऽ करत अडकला.

"काकू, घामानं हात घसरून राह्यला! हरतो मी! कूलर पाह्य ना!"

कूलरला बाजूनं काडीचा एक ठोसा दिला की तो चालायचा. पण काडी घेऊन हे अंगणात गाय हाकलत होते.

"अहो, काडी!"

"थांब न, गाय वांग्यात शिरली!"

थांबायला वेळ कुठे! मी कायदा आठवला. हाड वेगळं, अंग वेगळं. म्हणजे सराटा वेगळा, मी वेगळी! ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून मी कूलरला सराटा हाणला.

(सराटा लोखंडी आहे, हे मी गेमला विचारलंच नव्हतं.)

"आई गंऽऽ!" सराटा उडून माळ्यावर, मी उडून टीव्हीच्या वायरवर. पिन निघाली. पडदा काळा!

हे काडी घेऊन धावत आले. "काहून ओरडून राह्यली?"

"काका, कूलर जिंकला," पिंकी रडवेल्या आवाजात म्हणाली. "आता पहिल्यापासून खेळा लागन!"

"पण मी तर सराट्यानं मारलं होतं!" मी कण्हत म्हटलं.

पिंकीनं मला नीट न्याहाळलं. "तुह्या हातातून तो कधी सुटते का? तो तुह्या अंगातूनच निघते, काकू!"

मी तिला चांगलं सुनावणार होते. पण भाकरी करपल्याचा वास आला, आणि मी आधी स्टुलावर चढून सराटा शोधू लागले.