हसनाबादच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद

एकोणिसाव्या शतकात कॉलेज सुटलेले मित्र आयुष्यभर एकमेकांना पत्रं लिहीत, असं जुन्या जालन्यातल्या आमच्या कापड दुकानदार मित्राने कुठेतरी वाचलं आणि आमचा तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला. यापुढे एकच पाकीट फिरणार होतं. हसनाबादच्या निवृत्त मास्तराने आपलं पत्र घालून ते मला परतूरला पाठवायचं, मी माझं घालून जालन्याला, तिथून पुन्हा हसनाबाद. फोन करायचा नाही, हा नियम मी घातला.

पहिल्याच फेरीत दुकानदाराने पोस्टाच्या पेटीसमोर उभं राहून काढलेला फोटो मला मोबाइलवर पाठवला. फोटो म्हणजे फोन नव्हे, असं त्याचं म्हणणं. कॉलेजात ज्याने आम्हाला शिवीशिवाय हाक मारली नाही, तो आता ‘परमस्नेही’ लिहू लागला.

मास्तराचं अक्षर फळ्यावर सुरेख होतं. कागदावरचं दुकानदाराला वाचता येईना. म्हणून तिसऱ्या फेरीला मी मास्तराचं पत्र टाइप करून पाकिटात घातलं. मी तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. तिथे महत्त्वाचं वर असतं आणि जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. पत्राला जागा कमी आहे, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तरी दीड पानाचं मी एक पान केलं. खालचं अर्धं वाचलंही नाही. मूळ पत्र फाइलला लावलं.

दीड महिन्याने मी जालन्याला दुकानात बसलो होतो. मास्तर काळा चष्मा लावून पायऱ्या चढला.

“मास्तर, पिच्चर काढून राह्यला का?” दुकानदार म्हणाला.

“मोतीबिंदू काढला. इथंच, जालन्यात. एक डोळा बांधलेला, अन् बसमधून एकटा गेलो. कंडक्टरनं हात धरून उतरवलं.”

“अन् सांगितलं न्हाई?”

“पोरगा दूर. म्हणून तुम्हा दोघांना तारखेसकट बराबर लिहिल्तं. कोणी आलं न्हाई.”

“कुठं लिहिल्तं?”

“शेवटी. पाऊसपाणी विचारल्याशिवाय आपलं काम कोण सांगतं?”

दुकानदाराने गल्ल्यातून माझं टाइप केलेलं पान काढलं, उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मी कापलं,” मी म्हणालो.

मास्तराने विचारलं, “ठेवलं काय मंग?”

“तूर आणि गुडघा.”

“फोन करायचा न्हाई, हा नियम कोणाचा?” दुकानदार म्हणाला. उत्तर त्याला माहीत होतं.

जाताना मास्तर पायरीवर थांबला. “दुसरा डोळा बाकी आहे. तारीख सांगू का लिहू?”

“सांग,” मी म्हणालो.

त्या तारखेला मी मास्तराच्या आधी तासभर दवाखान्यात पोचलो. फाइलमधलं मूळ पत्र सोबत घेतलं होतं. मास्तर आला तेव्हा त्याचा नंबर यायला वेळ होता, म्हणून मी शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. ‘दोघांपैकी एक जण आला तरी पुरे. सोबत असली की भीती वाटत नाही.’

“पुढं?” मास्तर म्हणाला.

“संपलं.”

“न्हाई. खाली सही आहे. ती पण वाच.”

मी वाचली.