सिंधूताईंची नीळ

जानेफळच्या सिंधूताईंचा सगळा तोरा पांढऱ्या कापडावर होता. बुद्धपौर्णिमा आली की वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या घरी धुवायच्या, पण नीळ द्यायला त्यांच्याच घमेल्यापाशी यायच्या. ते प्रमाण दुसऱ्या कोणाला साधत नाही, असं खुद्द ताईंचं मत होतं, आणि ते खोडून काढायची कोणाची छाती नव्हती.

यंदा मात्र धुतलेल्या साड्या ताईंना पिवळट दिसल्या. "हळदीत लोळल्या का वो तुमी?" म्हणत त्यांनी नीळ वाढवली, आणखी वाढवली.

सून रेणुका चाचरत म्हणाली, "आत्याबाई, डोळे दाखवून येऊ."

"माहे डोळे? आता तं चष्म्याबिगर तांदळातले खडे दिसतात मले!"

ते खरंच होतं, म्हणून तर पंचाईत. पौर्णिमेला बायका चक्क आकाशी साड्या नेसून विहारात बसल्या. ताईंना मात्र सगळं पांढरंशुभ्र दिसत होतं. कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढे समोरून येणारी बाई ओळखू येईना, तेव्हा रेणुकाने शेवटचं अस्त्र काढलं. "असंच चाललं तं घमेलं सोडा लागन, आत्याबाई."

ताई मुकाट्याने मेहकरच्या गाडीत बसल्या.

"मोतीबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यातलं भिंग गढूळ, पिवळं पडलंय. मधे काही दिवस जवळचं बरं दिसतं, पण ती नुसती हूल."

"मंग पिकू द्या ना अजून."

"आंबा आहे का तो, आजी? थेंबांनी जायचा नाही. भिंग बदलायचं."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. विहारातून वंदना आटोपून शेजारची जनकाबाई थेट भेटायला आली.

"काऊन वो जनका, वंदनेले निळी साडी?"

जनकाबाईने रेणुकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तूच देल्ली वो नीळ, बाई."

ताईंनी तिचा पदर उन्हात धरला. नवा डोळा झाकला, पदर पांढरा. जुना झाकला, पदर निळा. दोन-तीनदा असं करून त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"साऱ्याइच्या अशाच?"

"हाव."

"अन् तरी नेसल्या?"

"तुह्या हातची नीळ. नेसणार नाही तं काय?"

ताईंना भरून आलं. डोळ्यात साबणाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाकीच्या पाण्याबद्दल ते काही बोलले नव्हते. ताई पोटभर रडल्या, मग हसल्या, आणि पदर न सोडताच सुनेवर उखडल्या.

"दुसराबी डोळा होऊ दे. नीळ म्याच देईन. पण तू बाजूले उभी राय, अन् जास्त झाली तं बोलजो. मुकी नको राहू."