भाजलेलं हलकं असतं

दोन्या कूकाच्या तोर्तियेतून पलीकडची टेकडी दिसते, असं आमच्या गावात म्हणत. मैद्याचा गोळा ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत पसरायची. तो रुमालाएवढा व्हायचा, मग पंचाएवढा, आणि पालथ्या तव्यावर जाऊन पडायचा. उरलेल्या तोर्तियांचे दुसऱ्या दिवशी त्रिकोण कापून, डुकराच्या चरबीचा हात लावून ती भट्टीत कडक करायची. तेच तोतोपो. ऊन कललं की मेक्सिकोच्या सोनोरातल्या आमच्या त्या नदीकाठच्या गल्लीत दारोदार एक खुर्ची आणि एक वाडगा बाहेर यायचा. येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबायचं, मूठभर उचलायचं, उन्हाला शिवी हासडायची आणि पुढं जायचं. त्याला कुणी खाणं म्हणत नसे.

कूकाला सगळे मानानं दोन्या म्हणत. तिचा नवरा नाबोर. त्याच्या मुलीचा मी धर्मपिता, म्हणून ती दोघं मला कोंपाद्रे म्हणत. नाबोरला साखर होती. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम उघडली होती आणि ती मिटायचं नाव घेत नव्हती. साखर उतरली नाही तर पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कूकानं घरातला गूळ काढून टाकला. बिअर काढली. मऊ तोर्तियाही बंद केली आणि तिच्या जागी तोतोपो दिले. आमच्याकडे आजाऱ्याला तोर्तिया कडक करूनच देतात. जडपणा आग खाऊन टाकते, असं कूकाला तिच्या आईनं सांगितलं होतं आणि मला माझ्या.

"काय गं म्हातारे, नवऱ्याला वाढतेस की कोंबड्यांना टाकतेस?" नाबोर म्हणायचा.

"खा गुमान. भाजलेलं हलकं असतं."

तो खायचा. वाडगा रिकामा झाला की ती पुन्हा भरायची. बाकी सगळं तोडलं होतं तिनं. निदान एवढं तरी पोटभर, असं तिला वाटे. जखमेची कड मात्र काळी पडत चालली होती. कूकानं मेणबत्त्या लावल्या. आणि मग चोरून गोड खातोस म्हणून त्याचे खिसेही तपासले.

पट्टी बदलायला इमेल्दा नर्स घरी यायची. एकदा तिनं विचारलं, "दोन्या कूका, हे खातात तरी काय?"

"काय खाणार गं पोरी? सकाळी अंडं, दुपारी वाटीभर घेवडा."

"आणि हे?" तिनं वाडग्याकडे बोट केलं.

"हे तोतोपो आहेत."

"मग सांगितलं का नाही?"

"तोतोपो कुणी सांगतं का? आणि साखर नसते गं त्यात. मीठ असतं."

इमेल्दा हसली नाही. "आगीत फक्त पाणी जातं, दोन्या. मैदा तिथंच राहतो, चरबीही. मैद्याची रक्तात साखरच होते. मऊ तोर्तिया पोटाला कळते तरी, हे कुरकुरत कधी खाली उतरतं ते कळत नाही. पटत नसेल तर ते दुपारी खातात तेवढे पाण्यात भिजवून बघा."

ती गेल्यावर कूकानं भिजवले. फुगले, विरघळले, तशी ती ते मळत गेली. मग मधल्या भिंतीवरून शेजारी मला हाक मारली. मी गेलो तेव्हा ती भला मोठा गोळा तळव्यावर तोलत उभी होती. जन्मभर गोळ्यांनीच घडवलेला हात तो.

"कोंपाद्रे," ती म्हणाली, "हा कापणीवरून आलेल्या तीन गड्यांच्या जेवणाचा गोळा आहे."

घरातला वाडगा बंद झाला. पण गल्ली होती. नाबोर काठी टेकत दारोदार जायचा आणि मुठी भरायचा. मग एका सकाळी कूका प्रत्येक दारी गेली, माझ्याही. म्हणाली, "त्याच्यासमोर वाडगा ठेवू नका. हात जोडते."

आमच्याकडे एखाद्यापुढून वाडगा उचलणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. गुरं चोरणाऱ्यासाठीच ते राखलेलं.

त्या दुपारी नाबोर निघाला. दारांत खुर्च्या होत्या, माणसं होती, वाडगे नव्हते. लोक चपलांकडे बघत राहिले. माझ्या दाराशी येईतो त्याचा चेहरा मातीचा झाला होता. माझा वाडगा दाराआड होता.

"कोंपाद्रे, माझं काय चुकलं? की मेलो मी, आणि तुम्ही सांगत नाही?"

तेवढ्यात कूका गल्लीतून आली, पिठाच्या हातांनी.

"त्यांना काही बोलू नकोस. मी सांगितलं सगळ्यांना."

"का गं?"

"तुझं पाऊल मी वाडग्यातून तुलाच वाढत होते, म्हाताऱ्या."

त्यानं पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि आता दुपारी मी करू काय?"

तिच्या खांद्यावर हात टाकून तो घरी गेला.

शरदात अंगठा काढला. पाऊल अजून त्याचं आहे. डॉक्टर 'अजून' या शब्दावर थांबतात. ऊन कललं की तो दारात बसतो. हात बाजूच्या स्टुलाकडे जातो, रिकामाच परत येतो. तो आत गेल्याशिवाय गल्लीत कुणी वाडगा काढत नाही. आणि आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे, म्हणून मी तोतोपो चावत नाही. भिजेपर्यंत तोंडात धरून बसतो.