पाकिटावरचे बाबा

राजापेठेतल्या जहाँआरा आपांच्या दुकानात पौर्णिमा कामाला लागली तेव्हा तिच्या हाती चित्रकला शिक्षकाची पदविका होती आणि शिक्षक हवा असलेली शाळा कुठेच नव्हती. तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातून शिकायला अमरावतीला आलेली पोरगी. रिकाम्या हाताने घरी काय जायचं, म्हणून ती थांबली ती थांबलीच.

दुकान फ्लेक्सचं होतं. वाढदिवसाचे फलक, कोचिंग क्लासच्या जाहिराती, लग्नपत्रिका, आणि निवडणूक आली की हात जोडलेले पुढारी. आपांचे वडील जुने पेंटर. अमरावतीतल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. ते गेल्यावर आपांनी रंगाचे डबे भंगारात दिले आणि छपाईचं मशीन आणलं. "ब्रश धुवाले टाइम कोनाजवळ हाये आता?" असं त्या म्हणत. पण चित्र हाताने काढणारं माणूस दुकानात असावं ही हौस काही गेली नव्हती. म्हणूनच त्यांनी नागपूरहून टॅब आणि त्याचा पेन मागवला आणि पौर्णिमापुढे ठेवला. "घे बेटा. येच्यावर काढ. कागद संपाची भीती नायी."

सुरुवातीला पौर्णिमाला तो वैतागच वाटला. काचेवर पेन घसरायचा. कागद कसा जरा धरून ठेवतो, तसं काचेला काही नव्हतं. तळवा टेकला की भलतीकडेच रेघ उमटायची. हळूहळू हात बसला. मग तिला त्यातले थर आवडायला लागले. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसं चित्र रचायचं. डोळे एका थरावर, कपडे दुसऱ्यावर, सावल्या तिसऱ्यावर. नको तो थर बंद केला की खालचं सगळं जसंच्या तसं. चूक झाली तरी कागद फाटत नाही, खोडरबराचा डाग पडत नाही. पौर्णिमा मुळातच भित्री होती. तिला ते बरं वाटलं.

दोन हजार सतराचा उन्हाळा सुरू झाला आणि एका बियाणं कंपनीचा माणूस अकोल्याहून दुकानात आला. कपाशीचं नवीन बियाणं येणार होतं. त्याचं पोस्टर हवं होतं आणि पाकिटावर छापायला तेच चित्र. त्याने बरोबर फोटो आणले होते. त्यातला शेतकरी गोरापान, दात पांढरेशुभ्र, मागे हिरवंगार गव्हाचं शेत.

"हा तं पंजाबातला वाटून राहिला," आपा म्हणाल्या.

"म्हनूनच तं आलो. आपल्याकडचा मानूस पायजे. पाहिल्याबरोबर कास्तकाराले वाटलं पायजे, हा आपलाच होय. हसरा पायजे, पण दात नका दाखवू."

पौर्णिमाने पेन उचलला. कुणाला समोर ठेवून काढायचं असं तिने काही ठरवलं नव्हतं. आधी टोपी आली, मग खांद्यावरचा दुपट्टा. मग मिशी, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली. डाव्या भुवईत एक तिरपी खूण आली, कान जरा बाहेर आले. सावल्या भरून झाल्यावर आपा चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहिल्या.

"माशाल्ला! जित्ता मानूस वाटते. कोन होय हा?"

"माये बाबा," पौर्णिमा म्हणाली आणि ते बोलल्यावरच तिच्या लक्षात आलं.

तिने घरी फोन लावला. बाबांना सांगितलं, चित्र तुमच्यासारखं झालंय, चालेल का? पंजाबराव आधी हसले. मग म्हणाले, "भुवईची खून काढली का?" काढली म्हटल्यावर तर त्यांना फारच बरं वाटलं. मागून माय ओरडली, "पोरीले म्हना, टोपी तरी धुतलेली दाखव!"

कंपनीला चित्र पसंत पडलं आणि महिनाभरात पंजाबराव सगळीकडे झाले. तेल्हाऱ्याच्या बसस्टँडसमोर, अकोल्याच्या रस्त्यावर, परतवाड्याकडे जाणाऱ्या जीपांच्या पाठीवर, प्रत्येक कृषी केंद्राच्या दाराशी. हातात फुटलेलं कपाशीचं बोंड आणि ओठ मिटून हसणारा तो चेहरा. तेल्हाऱ्यात चहावाल्याने त्यांना चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. गावात लोक त्यांना 'पाकीटवाले' म्हणू लागले. पंजाबराव वरवर रागवायचे. मायने, दुर्गाबाईंनी, मात्र एक रिकामं पाकीट स्वच्छ पुसून देवघराशेजारच्या भिंतीला चिकटवलं.

पंजाबरावांच्या शब्दाला गावात वजन होतं. भांडण मिटवायला, सोयरीक पाहायला लोक त्यांना न्यायचे. तोंडातून खोटं निघणार नाही अशी ख्याती. त्यामुळे शेजारचे वामनराव एक दिवस ओसरीवर येऊन बसले ते सरळच विचारायला.

"पंजाबभाऊ, हे बियानं घेऊ का मंग?"

"मले त्यातलं काय मालूम, वामन? पोरीनं चित्र काढलं एवढंच."

"तुमी काय लावून राहिले?"

"मी तं तेच लावून राहिलो. मायंच तोंड हाये त्याच्यावर, दुसरं कसं लावू?"

एवढंच बोलणं झालं. पण गावाला तेवढं पुरलं. त्या वर्षी अर्ध्या शिवारात तेच पाकीट फुटलं.

दिवाळीत दुकानात कामाची गर्दी, म्हणून पौर्णिमाला घरी जाता आलं नाही. ती गेली तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. बसमधून उतरली तेव्हा स्टँडवर गावातली दोन-तीन माणसं होती. एरवी "कवा आली व पोर्णिमा?" विचारणारी माणसं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपसात बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बाबांबरोबर वावरात गेली. पऱ्हाटी हिरवीगार, छातीइतकी, बोंडांनी लगडलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, केवढं पीक आलं! बाबांनी एक बोंड तोडून तिच्या हातात दिलं. "फोड." तिने फोडलं. आत कापूस नव्हताच. पिवळी पडलेली, चिकटलेली पाकळी आणि सरकीच्या पोटात निवांत बसलेली बारीकशी गुलाबी अळी. तिने दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. बाबा म्हणाले, "राहू दे. सगळे तसेच हायेत."

अळी त्या वर्षी सगळ्यांच्याच कपाशीवर आली होती. या कंपनीच्या बियाण्यावर आली तशीच दुसऱ्यांच्याही. पण चेहरा एकाच पाकिटावर होता.

कोणी पंजाबरावांना शिवी दिली नाही, कोणी भांडायला आलं नाही. दिली असती, आलं असतं, तर बरं झालं असतं असं दुर्गाबाई म्हणाल्या. लोकांनी फक्त बोलणं कमी केलं. वामनराव ओसरीवर यायचे बंद झाले. विहिरीवर भेट झाली की दोर गुंडाळायला लागायचे. वहिवाटीचा रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यावरून जायचे.

जाताना मायने पौर्णिमाला सांगितलं, "स्टँडवर जातानी शाळेकडून जाय. इकून नोको जाऊ."

"काहून?"

"नोको म्हनलं ना."

पौर्णिमा इकडूनच गेली. कृषी केंद्राच्या भिंतीवरच्या पोस्टरवर कोणीतरी डांबर फासलं होतं. डोळ्यांवरून एक पट्टा आणि तोंडावरून एक. ज्याने फासलं त्याने भुवईची खूण सोडली होती, की ती नुसती राहून गेली होती, कोण जाणे. ती पाहत उभी राहिली. गाडी आल्यावर चढली. खिडकीशी बसून तिने मायने दिलेला दशम्यांचा डबा उघडला आणि सगळा खाल्ला. चव लागली नाही, पण खाल्ला. अमरावती येईपर्यंत तिच्या मनात एकच विचार फिरत होता, तोही कामाचा. डांबराचा काळा छपाईत कसा उतरेल, त्यात किंचित निळा घालावा लागेल का.

संक्रांतीला ती पुन्हा गेली. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. तिला आधी कोणी पाहुणा वाटला. त्यांनी मान वर केली तेव्हा ओळख पटली. मिशी नव्हती. वरचा ओठ उघडा, फिकट, चेहऱ्यावर तेवढीच एक परकी पट्टी.

"बाबा, हे काय?"

"खाज येत होती."

माय चुलीपाशी होती. तिथूनच फणकारली, "खाज म्हने! मायबाप मेल्यावर मिशी काढतेत. यायचे मायबाप जाऊन कितीक वर्सं झाले. बाजारात लोक इचारून राहिले, पंजाबभाऊ, कोन गेलं? मी काय सांगू लोकायले, कोन गेलं?"

पंजाबराव पौर्णिमाला म्हणाले, "आता कोनी वळखत नायी बसस्टँडवर. बरं वाटते." आणि तिच्याकडे पाहून हसलेही, ओठ मिटून. मिशीशिवायचं ते हसू तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला आणि पाया पडली.

होळीच्या आधी कंपनीचा माणूस परत दुकानात आला. नवीन हंगाम, नवीन वाण. "फोटो तोच ठेवा. अळी तं सगळ्यायच्याच कपाशीवर आली, पन चेहरा हिट झाला. फक्त नाव बदला आनि मांगचं रान जरा हिरवं करा."

"तो चेहरा नका ठेवू," पौर्णिमा म्हणाली.

"काहून? लोकं नावानं नायी मागत, 'मिशीवाल्याचं दे' म्हनतेत."

"ते माये बाबा हायेत."

माणूस वाईट नव्हता. तो अवघडला. मग म्हणाला, "मॅडम, चित्र कंपनीनं घेतलेलं हाये. मायाही हातात काही नायी." आणि परवा येतो म्हणून गेला.

जहाँआरा आपांनी सगळं ऐकलं होतं. त्या गल्ल्यावरून उठून आल्या आणि पौर्णिमाशेजारी स्टुलावर बसल्या.

"फाइल त्यायची हाये, बेटा. ते खरं. पन त्यानं चेहरा म्हनलं. कोनाचा, ते कुठी लिवलं?" मग उठत त्या म्हणाल्या, "मी पाहत नायी तुयाकडे. चाय सांगून येतो." आणि खरंच दुकानाबाहेर गेल्या.

पौर्णिमाने टॅब पुढे ओढला. फाइल उघडली. सगळे थर जागच्या जागी होते. आधी तिने भुवईची खूण घेतली. पेनाचा एक स्पर्श, खूण गेली. मग कान आत घेतले. नाक जरा सरळ केलं. गालाच्या सुरकुत्या एकेक करून बंद केल्या तसा माणूस तरुण होत गेला. मिशी तिने शेवटी घेतली. ती पुसून दुसरी काढली, दाट, काळी, कुणाचीही असेल अशी. हे करताना आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. हात नेहमीसारखा चालत होता, किंबहुना जास्तच सफाईने. बाहेर कोचिंग क्लास सुटला होता, गाड्यांचे हॉर्न वाजत होते. काम संपलं तेव्हा पडद्यावर एक हसरा शेतकरी होता. तो ना तेल्हाऱ्याचा होता, ना कुठला.

कंपनीचा माणूस आला, त्याने चित्र लांब धरून पाहिलं. "कायतरी बदलवलं का? जाऊ द्या. फ्रेश वाटून राहिलं." आणि घेऊन गेला.

त्यानंतर पौर्णिमाने आपांना एकच सांगितलं, मी सगळं करीन, चेहरा काढणार नाही. आपांनी का म्हणून विचारलं नाही. फलकांना फोटो असतातच, त्यामुळे काही अडलंही नाही. ती अक्षरं काढायची, वेली काढायची, तोरणं काढायची. तिची अक्षरं नावाजली जाऊ लागली. घरी बाबांनी कपाशी सोडून तूर आणि सोयाबीन लावलं. मिशी पुन्हा ठेवली, पण आखूड. फोनवर ते तिला पिकाचं सांगायचे, ती "हो, हो" म्हणायची. दोघांनीही पाकिटाचा विषय काढला नाही.

पुढच्या लग्नसराईत एका दुपारी दुकानाच्या पायरीशी वामनराव उभे दिसले. चप्पल काढू की नको, अशा विचारात. पौर्णिमाने आत बोलावलं. त्यांच्या मुलीचं, शालूचं, लग्न ठरलं होतं. पत्रिका छापायची होती.

"तेल्हाऱ्यात छापतेत ना काका. इतल्या दूर काहून आले?"

"तुये अक्षरं बरे असतेत म्हनतेत." ते स्टुलाच्या कडेवर बसले. "वर गनपती काढजो."

"मी चेहरा नायी काढत, काका. तयार असते तो टाकतो."

"गनपतीचाही नायी?" वामनराव क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "टाक मंग. तयार असंल तो."

तिने नावं विचारली, त्यांनी सांगितली. मुलाकडची, मुलीकडची, मामा, काका. शेवटी आलं निमंत्रक. वामनरावांनी भावांची नावं सांगितली आणि थांबले. पेन काचेवर तसाच टेकलेला.

"आनि पंजाबभाऊचं टाक."

"बाबायचं?"

"हो. सगळ्यायच्या आंधी टाक. मी सांगतलं नायी त्यायले आजून. जाऊन सांगतो." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "गरम होऊन राहिलं इथं."

पौर्णिमाने पंखा वाढवला. बाबांचं नाव सगळ्यांच्या आधी लिहिलं, वामनरावांना दाखवलं. त्यांनी एकेक अक्षरावर बोट फिरवत वाचलं आणि बरोबर आहे म्हणाले. चहा प्यायले, चारची गाडी धरायला गेले. ते गेल्यावर ती तशीच बसून राहिली. आपल्याला आनंद व्हायला हवा हे तिला कळत होतं. आत कुठे काही हललं का, म्हणून तिने वाट पाहिली. मग पुढचं काम घेतलं.

लग्नाला ती गेली. मांडवात पंगत बसली होती आणि पंजाबराव हातात बुंदीचं टोपलं घेऊन वाढत फिरत होते, प्रत्येकाला आग्रह करत, वामनरावांच्या नावाने ओरडत, "अबे वामन, वरन संपलं इकडे!" पौर्णिमा खांबाला टेकून बराच वेळ पाहत राहिली. बाबांनी तिला पाहिलं, टोपलं दाखवलं, बस म्हणून खूण केली. तिला भूक लागली होती. सकाळपासून नव्हे, खूप दिवसांनी लागावी तशी. मायच्या शेजारी जागा होती. तिथे जाऊन ती बसली.