तानुबाईचा लेट

पूर्णा जंक्शनावर इंग्रजी फारसं कुणाला येत नव्हतं, पण लेट सगळ्यांना येत होतं. यार्डाच्या कडेला बोरं विकणारी म्हातारीसुद्धा म्हणायची, “मनमाडची आज लय लेट हाय, बाबा.” लेट म्हणजे येणार. आत्ता नाही, एवढंच.

तानुबाईचा नवरा लिंबाजी या जंक्शनावर कांटेवाला होता. गाडी या रुळावरून त्या रुळावर जायची ती त्याच्या हातानं. बेचाळीस साली लढाईच्या कामासाठी रेल्वेची माणसं इराणाकडं न्यायला लागले, तेव्हा तोही नाव देऊन निघाला. लेकरूबाळ नव्हतं. सासर-माहेरचं कुणी उरलं नव्हतं. तानुबाई अडतीवर ज्वारी पाखडायची आणि संध्याकाळी दोन भाकरी थापायची. एक तिची, एक सवयीची.

पुढच्या साली टपालानं इंग्रजी कागद आला. शेजारचा मुंजाजी स्टेशनावर हमाल होता. त्यानं कागद उलटासुलटा केला आणि एका जागी बोट ठेवलं.

“वैनी, ही चार अक्षरं मी वळखतो. स्टेशनच्या फळ्यावर रोज खडूनं लिवतेत. लेट!”

“आन् बाकीचं?”

“बाकीचं कशाला पायजे? दादाच्या नावाम्होरंच लेट हाय. म्हंजे यायलेत दादा, सावकाश.”

“जेवायला तरी कवा येळंवर आले त्ये?” तानुबाई हसली.

कागद तिनं उतरंडीत ठेवला. दुसऱ्या कुणाला दाखवावा असं तिला वाटलं नाही. का वाटलं नाही, ते तिचं तिला ठाऊक. आडावर पाणी भरायला येणारी चतुराबाई टोचून बोलायची, “कागूद येतोय, मानूस काई येईना!” तशी ही घागर उचलून चालू लागायची.

आठ महिन्यांनी दुसरा कागद आला. खाली एक रिकामा चौकोन होता. मुंजाजीला या कागदातही आपला शब्द सापडला, पण चौकोनाचं काही सांगता येईना. तेव्हा कुठं ती सरकारी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या गोविंदराव मास्तरांच्या घरी गेली. मास्तरांनी वाचलं आणि ते चष्मा पुसत बसले.

“लेट हाय न्हवं त्याच्यात?”

“आहे. पण हा गाडीचा लेट नव्हे, तानुबाई.”

“लेट बी दोन जातीचे ऱ्हातेत का?”

सरळ सांगायची छाती होईना, म्हणून मास्तरांनी जाडजूड कोश काढला. “उशिरा आलेला,” ते वाचू लागले. “अलीकडचा. आधी त्या जागेवर असलेला.” बोट तिथंच थांबलं.

“म्होरं वाचा की.”

“माणसाच्या नावाआधी आला, तर वारलेला.”

वाचता येत असल्यासारखी ती त्या पानाकडं बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मास्तर म्हणाले, “शब्द फार जुना आहे. मुळात त्याचा अर्थ मंद. थकून मागं राहिलेला.”

“मागं त मी ऱ्हायले, मास्तर.”

मास्तरांनी कोश मिटला.

“निगताना ‘येतो’ म्हनले व्हते,” ती म्हणाली.

“तसंच म्हणतात आपल्यात.”

“तेच म्हनते मी. जायचं आसलं तरी येतोच म्हनतेत. इंग्रजाला कशाला नावं ठिवावी?”

मास्तरांनी मग चौकोन दाखवला. “इथं अंगठा दिलात, तर त्यांची सामानाची पेटी पाठवतील.”

“आन् न्हाई दिला तर?”

“तर काही येणार नाही.”

“कुनाचा अंगठा म्हनून लिवलंय?”

मास्तरांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. “विधवेचा.”

तिनं मांडीवरचा हात पदराला पुसला. मग तिनं हात पुढं केला. “लावा शाई.”

ती उठली, तोच आतून मास्तरीणबाई, सुमंगलाबाई, कुंकवाचा करंडा घेऊन लगबगीनं आल्या. दारात आलेली सवाष्ण तशीच कशी पाठवायची! मास्तर डोळ्यांनी खुणावत होते, पण बाईंचं लक्ष करंड्यात. बोट कुंकवात बुडवून त्यांनी हात वर केला. तानुबाई एक पाऊल मागं सरली.

“मला नगं, बाय.”

नवरा गेल्याचं तिनं पहिल्यांदा तोंडानं म्हटलं, ते असं, परक्याच्या ओसरीवर.

असल्या वेळी भावकीतल्या बाया गोळा होतात. एक जण धरते, एक जण पुसते, बाकीच्या गळा काढतात. तानुबाई घरी आली, दाराला आतून कडी घातली आणि पदराचा शेव ओला करून तिनं आपलं आपणच पुसलं.