बँकेचा माणूस गल्लीत चौकशीला आला

निवृत्तीला काही महिने उरले असताना हाताळलेले ते प्रकरण आजही मनातून जात नाही. मैसुरूत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण खचलो तो एका गृहकर्जाच्या तपासात.

एका बँकेचे व्यवस्थापक तक्रार घेऊन ठाण्यात आले. तीन कर्जदारांच्या पगारपत्रकांवर एकाच कंपनीचे नाव होते आणि तशी कंपनी शहरात नव्हतीच. गुन्हा दाखल करून कंपनीच्या फोनचा माग काढला, तर झेरॉक्सच्या दुकानामागे एक दलाल सापडला. टेबलावर ओळीने मोबाइल, प्रत्येकावर वेगळ्या कंपनीची चिठ्ठी. बँकेचा फोन आला की हा पठ्ठ्या त्या कंपनीचा साहेब होऊन बोलायचा. पंचनामा करून सगळे जप्त केले.

दोन कर्जदार फरार झाले होते. तिसरी सापडली आमच्याच जुन्या मराठी गल्लीत. खासगी शाळेत शिक्षिका, वडील पोस्टातून निवृत्त. ज्या भाड्याच्या घरात वडील जन्मले, ते मालक विकायला निघाला होता. ते सुटू नये म्हणून कर्ज काढून तेच विकत घेण्याची ही धडपड.

चौकशीत मुलगी शांतपणे म्हणाली, “सह्या माझ्याच आहेत सर.”

वडील मध्येच उठले. “ती काय करणार सार, मी सांगितलो म्हणून केली.”

मला कळत नव्हते ते निराळेच. कर्जाआधी बँकेचा माणूस शेजाऱ्यांना विचारून गेला होता, मग खोटी नोकरी उघडी कशी पडली नाही? शेजारच्या आजींचा जबाब घ्यायला गेलो.

“बँकेचा माणूस, गोत्तु सार, माहीत होतं,” आजी म्हणाल्या. “पण पोरीची चौकशी कराला आला की चांगलंच सांगायचं, अल्वा, नाही का? स्थळ आलं तर काय करतो आम्ही? मोठ्या कंपनीत आहे म्हणून अख्खी गल्ली सांगितली!”

खरेच होते. आमच्या गल्लीत मुलीची चौकशी आली की तिचा पगार वाढतो आणि वय घटते. माझ्या बहिणीचे लग्नही तसेच जमले.

व्यवस्थापकांनी तिची खरी कागदपत्रे पाहिली आणि कपाळाला हात लावला. “आम्ही थोरवी बघत नाही हो. पगार नेमाने येतो का, आधीचे हप्ते वेळेवर फेडलेत का, घराची मालकी वादात नाही ना, हेच बघतो. हिने स्कूटरचा एकही हप्ता चुकवलेला नाही. वडिलांची पेन्शन जोडून सरळ अर्ज केला असता, तर या घरापुरते कर्ज मंजूर झाले असते.”

आरोपपत्रातून तिचे नाव वगळणे माझ्या हातात नव्हते. शाळेने तिला काढले, घर बँकेने ताब्यात घेतले. दलाल जामिनावर सुटला आणि पुन्हा धंद्याला लागला. गुन्हा उकलला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली, तेव्हा मला स्वतःचीच चीड आली. भाबडेपणाला कायद्यात शिक्षा नाही आणि सूटही नाही, एवढेच या प्रकरणाने मला शिकवले.

एच. डी. कोटे या गावी नातेवाइकांकडे राहायला जाण्याआधी वडील ठाण्यात आले. बसा म्हटले तरी उभेच राहिले.

“खरं तेच दाखवलो असतो तर कर्ज मिळालं असतं का सार?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग ठीक,” ते म्हणाले. “दुसरा मार्गच नव्हता आमाला.”