वलांडीला वळसा

माझा रनअप वाकडा होता आणि त्याला जबाबदार माझी आई. पालीच्या कोळीवाड्यात आमच्या घरासमोर सपाट जागा तेवढी एकच, आणि नेमकी तिथे आईची वलांडी. म्हणजे बांबू रोवून, दोऱ्या ताणून, त्यावर बोंबील वाळत घातलेले. मी समुद्राच्या बाजूने धावत यायचो, वलांडीला डावीकडून वळसा घालायचो आणि मग बॉल टाकायचो.

"आये, जरा सरकव ना ती," मी कितीदा विनवलं.

"बोंबलाला ऊन लागतं. तुझ्या बॉलाला लागतं काय?"

विषय संपला.

त्याच वळशाने कॉलेजच्या टीममध्ये शिरलो, विकेटीही काढल्या. थर्ड इयरला असताना मुंबईतल्या एका कंपनीच्या टीमसाठी निवड चाचणी होती. ऑफिसांच्या लीगमध्ये ती टीम सगळ्यात खालच्या गटात खेळायची, पण मला तेवढ्यानेही स्वर्ग दोन बोटं उरला असता. पांढरे कपडे, लेदर बॉल, आणि जमलं तर तिथेच नोकरी! आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. वर आई "मीपन येनार" म्हणून डबा घेऊन बरोबर निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैदानावर माझा पहिला बॉल पडायच्या आधीच कोच ओरडले, "काय रे, कोणाला चुकवत धावतोयस? सरळ ये!"

सरळ आलो. बॉल लेग साइडला गेला. पुढचा कीपरच्या डोक्यावरून. मग तर बॅट्समन उघड हसायलाच लागला. हातपाय माझेच, पण एकही ऐकेना. "अजून एक टाक आणि पुढच्याला पाठव," कोच म्हणाले. गेली टीम, असं वाटून डोळे भरून आले.

तसाच धावत सुटलो, आणि बघतो तर पाण्याची बाटली घेऊन आई थेट रनअपमध्ये! मुलाचा घसा सुकलाय, तिने लांबूनच ओळखलं होतं. मैदान तिच्या लेखी आपलं अंगणच.

"ओ मावशी, बाजूला व्हा!" कोच ओरडले.

आई कसली होतेय! माझे पाय मात्र आपोआप डावीकडे वळले. तिला वळसा घातला, बॉल सोडला आणि मधला स्टंप उताणा.

कोच आधी माझ्याकडे बघत राहिले, मग आईकडे.

"मावशी, आता तिथून हलू नका."

पुढची अख्खी ओव्हर आई पदर खोचून तिथेच उभी. "उन्हात किती येळ उभी करताव रं?" म्हणून कोचलाच दटावत होती. माझी निवड झाली. एवढा आनंद झाला की रस्ताभर मी एकटाच बोलत होतो.

घरी पोचलो तशी आई वलांडीपाशी थांबली. "आता मोठा प्लेयर झालास. उद्या सरकवते ही."

मी धावत जाऊन दोन्ही हातांनी बांबू धरला. "आये, हात लावशील तर बघ!"